तुमचे प्रश्न : दुखतंय म्हटल्यावर कोणाचं ऐकलं जातं?

मागच्या अंकात लोहाच्या गोळ्यांवरच्या एका उत्तरात मी सहज एक वाक्य टाकलं होतं, की अमेरिकेत काळ्या बाईचा बाळंतपणात जीव जायची शक्यता गोऱ्या बाईच्या तिपटीहून जास्त आहे आणि त्याचं कारण तिचा रंग नाही, त्या रंगाला मिळणारी वागणूक आहे. गोळ्या राहिल्या बाजूला, त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आली की संपादक म्हणाले या वेळचं सदर यावरच घ्या. तर घेतलंय. मी डॉक्टर नाही हे परत सांगते, पब्लिक हेल्थ शिकले, नऊ वर्षं मिशिगनला होते, आता पुण्यात असते. औषधपाण्याचं तुमच्या डॉक्टरांनाच विचारा.

प्रश्न : तुमचं विधान पटलं नाही. अमेरिकेत काळे लोक गरीब आहेत, आणि गरिबाला आजार सगळीकडेच जास्त. शिवाय आनुवंशिकता असतेच. यात वंशवाद कुठून आणलात? मी ३४ वर्षं गणित शिकवलंय, आकडे द्या, भावना नकोत. (निवृत्त शिक्षक, नागपूर)

सर, आकडेच देते. २०२३ साली अमेरिकेत दर एक लाख जिवंत जन्मांमागे ५०.३ काळ्या आया दगावल्या, गोऱ्या १४.५. आता गरिबीचं. ती आहेच, पण ती काही आभाळातून पडलेली नाही. १९३० च्या दशकात तिथल्या एका सरकारी संस्थेने शहरांचे नकाशे काढले आणि काळ्यांच्या वस्त्या लाल रंगाने रंगवल्या, म्हणजे इथे घरकर्ज देणं धोक्याचं. घर नाही झालं की पोरांच्या हातात ठेवायला काही उरत नाही, आणि पुढे हायवे न्यायचा, कारखाना टाकायचा तर तोही त्याच भागात, कारण ओरडणाऱ्याचं वजन नाही. कॅलिफोर्नियातल्या आठ शहरांत कोणीतरी हे जुने नकाशे आणि आजचे हॉस्पिटलचे आकडे एकावर एक ठेवून बघितले, तर लाल वस्त्यांमधून दम्यासाठी इमर्जन्सीत येणाऱ्यांचं प्रमाण 'उत्तम' शेरा मिळालेल्या वस्त्यांच्या २.४ पट निघालं. नकाशे काढून ऐंशी वर्षं झाल्यावर, बरं का.

पण चला, तुमच्यासाठी गरिबी बाजूला काढू. सीडीसी म्हणजे तिथली सरकारी आरोग्यसंस्था, तिने २०१९ ला शिक्षणानुसार गट पाडून तुलना केली. फरक कमी व्हायला पाहिजे होता ना? पदवीधर काळ्या बायकांचं मृत्यूचं प्रमाण पदवीधर गोऱ्या बायकांच्या ५.२ पट. एवढंच नाही तर शाळासुद्धा पूर्ण न केलेल्या गोऱ्या बायकांपेक्षाही जास्त. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा टेबल उलटं वाचतेय असं वाटून परत पहिल्यापासून वाचलं होतं.

राहिली आनुवंशिकता. यावर १९९७ चा एक स्टडी आहे, आयांच्या मृत्यूंचा नाही, बाळांच्या वजनाचा, डेव्हिड आणि कॉलिन्स या दोन डॉक्टरांचा, आणि त्यातली युक्ती तुम्हाला गणिताचे म्हणून नक्की आवडेल. इलिनॉय राज्यातले जन्मदाखले घेतले आणि तीन गट केले : अमेरिकेत जन्मलेल्या गोऱ्या आया, अमेरिकेत जन्मलेल्या काळ्या आया, आणि आफ्रिकेत जन्मून तिकडे आलेल्या काळ्या आया. दोष जीन्सचा असता तर आफ्रिकेतून आलेल्यांची बाळं सगळ्यात हलकी निघायला हवी होती. निघालं काय? गोऱ्यांच्या बाळांचं सरासरी वजन ३४४६ ग्रॅम, आफ्रिकेतून आलेल्यांच्या ३३३३, आणि तिथेच जन्मून वाढलेल्या काळ्या आयांच्या ३०८९. म्हणजे आफ्रिकेतली बाई गोरीच्या जवळ. आणि नंतर त्याच लोकांनी पुढची पिढी बघितली तर आफ्रिकेतून आलेल्यांच्या अमेरिकेत वाढलेल्या मुलींची बाळं परत हलकी व्हायला लागलेली! एका पिढीत जीन्स बदलत नाहीत सर, दिवस बदलतात.

ते दिवस शरीरात कसे शिरतात याला आर्लीन जेरोनिमस या प्राध्यापिकेने १९९२ मध्ये 'वेदरिंग' असा शब्द वापरला. ऊन-पाऊस खाऊन खाऊन भिंतीचा रंग उडतो ना तसं. दुकानात गार्ड मागे फिरतो, नोकरीत दुप्पट काम करून दाखवावं लागतं, मुलगा संध्याकाळी घरी येईपर्यंत जीव टांगणीला, आणि हे रोज. शरीर सतत धोक्याच्या पवित्र्यात राहतं, ताणाचं हार्मोन कॉर्टिसोल चढलेलं, बीपी चढलेलं, आणि तिशीतलीच बाई आतून चाळिशीची होऊन बसते. पगार वाढल्याने हे थांबत नाही. डॉ. शॅलॉन अर्व्हिंग सीडीसीमध्येच संशोधक होत्या, समाजातल्या विषमतेने आरोग्य कसं बिघडतं हाच त्यांच्या कामाचा विषय, इन्शुरन्स चांगला, घरचे पाठीशी. जानेवारी २०१७ मध्ये मुलगी झाली, नंतर बीपी चढत राहिलं, पायाला सूज, परत परत दाखवायला गेल्या, परत परत घरी पाठवलं. तीन आठवड्यांत गेल्या. वय ३६.

प्रश्न : ताई, मी एडिसनला राहते, न्यू जर्सी, सातवा महिना चालू आहे. तुमचं वाचून झोप उडालीय. सासूबाई म्हणतात तू काय काळी आहेस का, कशाला टेन्शन घेतेस. आपल्याला पण हे लागू होतं का?

अगं आधी नीट झोप. २०२३ च्या आकड्यांत बघायचं तर तिथल्या आशियाई बायकांचं बाळंतपणातल्या मृत्यूचं प्रमाण गोऱ्यांपेक्षाही कमी होतं. तुझी काळजी वेगळी, आपल्या भारतीय बायकांना गरोदरपणातला डायबेटीस तिकडे सगळ्यात जास्त होतो, ती शुगरची टेस्ट चुकवू नकोस आणि डायबेटीस निघालाच तर बाळंतपणानंतरची टेस्ट पण विसरू नकोस, ती सगळ्याजणी विसरतात.

सासूबाईंना काही बोलू नकोस, त्या धीरच देतायत. पण त्यांचं ते वाक्य मी तीनदा वाचलं. कारण वेळ आली की 'आपण' कोण हे आपण नाही ठरवत. सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर सहा महिने कॅलिफोर्नियात अरबी नावाच्या बायकांना कमी वजनाची बाळं व्हायचं प्रमाण आदल्या वर्षापेक्षा ३४ टक्क्यांनी वाढलं, बाकीच्या बायकांचं नाही वाढलं. त्या बायकांच्या शरीरात काही बदललं नव्हतं, रस्त्यावरच्या नजरा तेवढ्या बदलल्या होत्या.

आता एक मी बघितलेलं सांगते. मिशिगनला माझ्या शेजारी एकजण राहायची, शाळेत सायन्स शिकवायची, काळी. बाळंत होऊन नववा दिवस, रात्री दार वाजवून म्हणाली डोकं फुटतंय, डोळ्यांपुढे चमकतंय, हॉस्पिटलला सोडतेस का. मी गाडीची किल्ली घेऊन बाहेर आले तर ही गाऊन बदलून आलेली. शाळेत घालायचा निळा ब्लेझर, आणि गळ्यात शाळेचं आयकार्ड. मला कळेचना, म्हटलं अगं हे काय, तर म्हणाली हे नसेल तर मला नीट बघत नाहीत. डोकं फुटत असताना बाई ब्लेझरची बटणं लावत होती.

तिथे पावणेदोन तास बसलो. काउंटरवरची नर्स वाईट नव्हती हो, गोडच बोलत होती, नवीन आई आहेस, झोप नाही, पाणी पी, होईल बरं. शेजारीण दोनदा जाऊन सांगून आली, बीपी बघा. तिसऱ्यांदा मी गेले आणि म्हटलं, बघणार नसाल तर 'पेशंटने बीपी मागितलं, आम्ही नाही म्हटलं' एवढं फाईलमध्ये लिहा आणि मला कॉपी द्या. पाच मिनिटांत मशीन आलं. १७२ वर ११२. मग जी पळापळ झाली, झटके येऊ नयेत म्हणून मॅग्नेशियमची सलाईन वगैरे, दोन दिवस ठेवलं, वाचली. पण माझ्या डोक्यात राहिलंय ते वेगळंच, आत जाताना त्या नर्सने मला विचारलं, तुम्ही डॉक्टर आहात का? म्हणजे माझा भारतीय चेहरा बघून तिने मला डॉक्टर केलं आणि माझ्या मैत्रिणीचा चेहरा बघून तिला घाबरट. मी तिच्याहून वेगळं काहीच सांगितलं नव्हतं.

तू एवढं लक्षात ठेव, डिलिव्हरीनंतर सहा आठवडे तरी, डोकं खूप दुखणं, डोळ्यांपुढे चमकणं, धाप लागणं, एकाच पायाला सूज, पॅड तासाभरात भिजणं, यातलं काही झालं तर फोनवर ऐकून घेत बसू नकोस, सरळ जा. आणि काउंटरवर पहिलं वाक्य हेच की माझी एवढ्या एवढ्या दिवसांपूर्वी डिलिव्हरी झालीय. सेरेना विल्यम्सचं माहीत असेल, २०१७ ला सिझेरियन झाल्यावर दुसऱ्या दिवशी धाप लागली, आधी गुठळ्यांचा त्रास झालेला होता म्हणून तिने स्वतःच सांगितलं मला सीटी स्कॅन आणि रक्त पातळ करणारं औषध पाहिजे, तर नर्सला वाटलं पेनकिलरमुळे बडबडतेय. शेवटी स्कॅन केला तर फुप्फुसात गुठळ्या! टेनिसमध्ये जग जिंकलेल्या बाईची ही गत. सोबत नवऱ्याला ने, आणि त्याला आधीच सांगून ठेव की तिथे फोनमध्ये डोकं घालून बसायचं नाही.

प्रश्न : कोविडमध्ये आमच्या घरी ऑक्सिमीटर होता. वडील गेले तेव्हा सकाळी त्यावर ९४ दाखवत होतं. आता कुठेतरी वाचलं की सावळ्या माणसांना ते मशीन चुकीचं दाखवतं. खरं आहे का? (इचलकरंजी)

वडिलांच्या बाबतीत नेमकं काय झालं हे मी इथे बसून सांगू शकत नाही, आणि कृपा करून त्या ९४ चं ओझं स्वतःवर घेऊ नका. तेव्हा अख्खं राज्य त्याच आकड्यावर चाललं होतं.

मशीन बोटातून दोन प्रकारचा प्रकाश सोडतं, एक लाल, एक डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड, आणि पलीकडे कुठला किती पोचला त्यावरून ऑक्सिजनचा अंदाज बांधतं. हे तंत्र जपानच्या ताकुओ आओयागींचं, १९७० च्या दशकातलं. कातडीला रंग देणारं मेलॅनिनसुद्धा तो प्रकाश शोषतं, म्हणजे गडद कातडीवर नीट तपासून मशीन बसवलं नसेल तर ते आहे त्यापेक्षा जास्त आकडा दाखवू शकतं. डिसेंबर २०२० मध्ये मिशिगनच्या डॉक्टरांनी, म्हणजे माझ्याच जुन्या गावच्या लोकांनी, मशीनवर ९२ ते ९६ दाखवणारे पेशंट घेतले आणि त्यांच्या धमनीतलं रक्त तपासून खरा आकडा बघितला. गोऱ्यांत ३.६ टक्के पेशंट खरं तर ८८ च्या खाली निघाले. काळ्यांत ११.७ टक्के. दरवाज्यावर 'ठीक आहे' अशी पाटी आणि आत माणूस गुदमरतोय. आणि ही शंका १९९० पासून छापून आलेली होती! मशीन कोणाचा द्वेष करत नाही, ते कोणाच्या बोटावर तपासायचं हे माणसं ठरवतात, आणि तीस वर्षं कोणालाच घाई नव्हती. औषधं आणि अशी मशीन मंजूर करणाऱ्या अमेरिकेच्या एफडीएने २०२१ मध्ये सावधगिरीची सूचना काढली आणि वेगवेगळ्या रंगाच्या जास्त लोकांवर तपासा असा नियमांचा मसुदा यायला २०२५ उजाडलं.

आपल्याकडे गोऱ्यापान कोकणस्थापासून काळ्याभोर माणसापर्यंत सगळे रंग एका चाळीत सापडतात, त्यामुळे घरच्या मशीनचा एक आकडा घेऊन बसू नका. माणूस बरा असताना किती दाखवतं ते लिहून ठेवा आणि त्यावरून घसरतंय का बघा. मेंदी किंवा नेलपॉलिश असेल किंवा बोटं गार असतील तर आकडा आणखी भरवशाचा नाही. धाप दिसत असेल, बोलताना वाक्य तुटत असेल तर मशीन काय म्हणतंय ते सोडा, उठून हॉस्पिटल गाठा.

प्रश्न : मुलगा डॅलसला असतो. त्याचा २०१९ चा किडनीचा रिपोर्ट चाळताना दिसलं की एकाच तपासणीचे दोन आकडे छापलेत, 'नॉन-आफ्रिकन अमेरिकन ८८' आणि 'आफ्रिकन अमेरिकन १०२'. किडनीलाही वंश असतो? (ठाणे)

नसतो हो, पण फॉर्म्युल्याला होता. क्रिएटिनिन म्हणजे स्नायूंतून रक्तात येणारा टाकाऊ पदार्थ, किडनी मंदावली की तो साचतो, आणि त्यावरून किडनी किती काम करते हे गणिताने काढतात, आकडा कमी म्हणजे किडनी कमजोर. जुन्या एका स्टडीत काळ्या लोकांचं क्रिएटिनिन सरासरीने जास्त आलं, मग कारण काय तर 'त्यांचे स्नायू जास्त असतात' असं धरून चालले, आणि पेशंट काळा असेल तर उत्तराला १.१५९ ने गुणा असा नियम झाला. तुमचा ८८ गुणिले १.१५९ करून बघा, १०२ येतं. निरोगी माणसाला काय फरक पडतो, काहीच नाही. पण किडनी बदलण्याच्या यादीत नाव लागायला हा आकडा २० किंवा खाली लागतो. समजा दोघांचंही गणित १८ आलं. गोऱ्याचं नाव यादीत. काळ्याचं १८ गुणिले १.१५९, जवळपास २१, थांबा अजून. डायलिसिसवर बसून थांबा. २०२१ ला हा गुणाकार काढून टाकला आणि २०२३ पासून ज्यांची वाट बघण्याची वर्षं यात बुडाली त्यांना ती यादीत परत जमा करून दिली, अशी हजारो माणसं निघाली.

याच प्रश्नावर आणखी एका वाचकाने मला छान पकडलंय, की मग भारतीयांना २३ बीएमआयलाच (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) 'वजन जास्त' म्हणतात तोही वंशवादच ना? चांगला प्रश्न आहे. तिथे निदान मोजून बघितलेलं आहे की आपल्या लोकांना कमी वजनातच डायबेटीस गाठतो, आणि तो आकडा तुम्हाला डॉक्टरकडे लवकर पाठवतो, उशिरा नाही. तरी 'आशियाई' या एका पिशवीत जपानी पण आणि आपण पण, त्यामुळे तोही ढोबळच. मी तर म्हणते कमरेला टेप लावा.

प्रश्न : अमेरिकेत काळे लोक लस घ्यायला कां कू करत होते. इतक्या पुढारलेल्या देशात हा अडाणीपणा कशामुळे? (सांगली)

१९३२ मध्ये तिथल्या सरकारी आरोग्य खात्याने अलाबामातल्या टस्कीगी भागात ६०० काळे पुरुष निवडले, बहुतेक वाट्याने शेती करणारे, त्यातल्या ३९९ जणांना सिफिलिस होता. त्यांना सांगितलं तुमचं 'रक्त खराब' आहे, आम्ही फुकट बघू, जेवण देऊ, मेल्यावर पुरायचा खर्च देऊ. पाठीच्या मणक्यात सुई घालून पाणी काढायचे आणि त्याला खास उपचार म्हणायचे. उपचार नव्हताच, आजार माणसाला कसा खातो ते बघायचं होतं. १९४० च्या दशकात पेनिसिलिन आलं, सगळ्या जगाला मिळालं, यांना मिळू दिलं नाही. १९७२ मध्ये पेपरात फुटलं तेव्हा थांबलं. म्हणजे चाळीस वर्षं. क्लिंटननी माफी मागितली १९९७ ला. त्या माणसांची नातवंडं आज जिवंत आहेत, आजोबांचं त्यांनी घरातच ऐकलंय.

आणि आपण कशाला लांब जायचं, १८९७ च्या प्लेगात पुण्यात रँडचे गोरे सोल्जर घराघरात, देवघरात, बायकांच्या खोल्यांत घुसत होते तेव्हा आपल्या पणजोबांनी पेशंट लपवले. त्यांना आपण अडाणी म्हणतो का? ओकलंडला एक प्रयोग झाला, काळ्या पुरुषांना कधी काळा डॉक्टर दिला कधी दुसरा, तर काळ्या डॉक्टरशी बोलल्यावर जास्त जण तपासणीला तयार झाले. तपासण्या त्याच होत्या.

प्रश्न (पोस्टकार्ड, फक्त एक ओळ) : अमेरिकेचं सांगता, आपल्या जातीचं कधी सांगणार?

बरोबर बोललात. यूएन विमेनच्या २०१८ च्या अहवालात भारतातल्या दलित बाईचं मृत्यूवेळचं सरासरी वय उच्च जातीतल्या बाईपेक्षा १४.६ वर्षांनी कमी दिलंय. ते एका उत्तरात मावणारं नाही, दिवाळी अंकासाठी वेगळं लिहितेय.

प्रश्न : मी नंदुरबार जिल्ह्यात आशा आहे. सिकलसेलचे पेशंट रोज बघते. एका ट्रेनिंगमध्ये सर म्हणाले अमेरिकेत हा काळ्यांचा आजार समजतात. मग आमच्या भिल्ल-पावरा लोकांना कसा? आणि तिकडे तरी उपचार नीट मिळतात का?

ताई, हा मलेरियाच्या पट्ट्याचा आजार आहे. रक्तातल्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकवणारा हा आनुवंशिक दोष एकाच पालकाकडून आला तर मलेरियापासून थोडं संरक्षण मिळतं, म्हणून जिथे मलेरिया फार तिथे तो टिकला, आफ्रिका, अरबस्तान, ग्रीस, आणि आपलं नंदुरबार, गडचिरोली. अमेरिकेत गुलाम करून नेलेल्यांच्या वंशजांमध्ये दिसला म्हणून त्यावर काळ्यांचा असा शिक्का बसला, आणि शिक्का बसला की पैसा आटतो. सुमारे एक लाख पेशंट आहेत तिथे, तरी १९९८ ला हायड्रॉक्सीयुरिया मंजूर झालं त्यानंतरचं औषध यायला २०१७ उजाडलं. त्याहून कमी पेशंट असलेला, मुख्यतः गोऱ्यांना होणारा सिस्टिक फायब्रोसिस नावाचा आजार आहे, त्याला माणशी संशोधनाचा पैसा कितीतरी जास्त मिळत आला.

आणि दुखणं उठलं की काय होतं? तुम्ही पत्रात लिहिलंय की तुमच्याकडे पोरगं कळवळत आणलं की 'याचं रोजचंच आहे' म्हणून बाकावर बसवतात. तिकडे म्हणतात नशेची गोळी मागायला आलाय. २०१६ ला व्हर्जिनियात मेडिकलच्या मुलांना आणि शिकाऊ डॉक्टरांना विचारलं तर निम्म्यांना काळ्यांच्या शरीराबद्दल काही ना काही खोटं खरं वाटत होतं, कातडी जाड असते वगैरे, आणि ज्यांना असं वाटत होतं त्यांनी काळ्या पेशंटचं दुखणं कमी धरून उपचारही कमी सुचवले.

तिथले काही पेशंट सोबत एक कागद ठेवतात, डॉक्टरांच्या सहीचा : आजार कुठला, दुखणं उठलं की कुठलं औषध किती लागतं, ताप आला तर लगेच भरती करा. तुमच्या पीएचसीच्या डॉक्टरांकडून प्रत्येक पेशंटसाठी असा एक लिहून घ्या, लॅमिनेट करा, तीस रुपयांचं काम आहे. मराठीत एक आणि पावरीत आईला वाचून दाखवता येईल असा एक. जमला की फोटो मला पाठवा, नाव-गाव झाकून पुढच्या अंकात छापते.